आजीच्या पेटीतली चांदीची लगड खरी की खोटी? मोबाइलने काय कळतं आणि काय कळत नाही

मागच्या सुट्टीत मोखाड्याला मामाकडे गेलो होतो. मामेबहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या वर्षाची फी भरायची होती. आजीने पत्र्याच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेली एक लगड काढून ठेवली होती. साधारण ११ सेंटीमीटर लांब, ४ सेंटीमीटर रुंद, कडा ओबडधोबड, वरून काळपट. कसलाही शिक्का नाही, नंबर नाही.

मामाने ती आधीच एका दुकानात दाखवली होती. दुकानदाराने हातात घेतली, जराशी घासली आणि म्हणाला, "जर्मन आहे, चांदी नाही. तरी ठेवून जा, दहा हजार देतो." मामा परत घेऊन आला. आजीचा प्रश्न साधा होता, "खोटी आहे तर तो दहा हजार कशाचे देतोय?"

तेवढ्यात अकरावीतला मामेभाऊ मोबाइल घेऊन आला. त्याने 'सिल्व्हर डिटेक्टर' नावाचं एक ॲप टाकलं होतं. लगड पेटीवर ठेवलेली होती. त्याने फोन वर धरला, काटा लाल रंगात गेला, फोन पीं-पीं वाजायला लागला. "दादा, खरी आहे!"

दुकानदार म्हणतो खोटी, ॲप म्हणतं खरी. कोणावर विश्वास ठेवायचा? खरं सांगायचं तर दोघांवरही नाही. मग आम्ही घरीच काय काय तपासलं आणि शेवटी काय झालं, ते सांगतो. तुमच्याही घरात अशी एखादी जुनी लगड, कडं किंवा नाणी असतील तर उपयोगी पडेल.

डिटेक्टर ॲप नेमकं काय मोजतं?

तुमच्या फोनमध्ये होकायंत्र चालतं ते मॅग्नेटोमीटर नावाच्या सेन्सरमुळे. हा सेन्सर आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, बस. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्या भागात साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं. जवळ लोखंड आलं की हा आकडा वर-खाली होतो. 'गोल्ड डिटेक्टर', 'सिल्व्हर डिटेक्टर' अशी फोनवरची ॲप्स हाच आकडा रंगीत काट्यात दाखवतात.

गंमत अशी की चांदीला चुंबकाचं काहीच वाटत नाही. सोन्यालाही नाही. म्हणजे खरी चांदी फोनजवळ आणली तर काटा हलायलाच नको!

मग आमच्याकडे काटा का हलला? लगड ज्या पेटीवर होती ती पत्र्याची, म्हणजे लोखंडाची. मी लगड उचलून घेतली आणि फोन नुसत्या पेटीवर धरला. परत पीं-पीं. मग लगड अंगणात लाकडी पाटावर ठेवली. आता फोन गप्प. मामेभावाचं तोंड एवढंसं झालं.

तुम्हाला हा सेन्सर नीट वापरायचा असेल तर फायफॉक्स हे ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठात बनलेलं आहे, मोफत आहे आणि त्यात सेन्सरचा खरा आकडा दिसतो. एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, त्यामुळे रेंज गेली तरी काम चालू राहतं. काही स्वस्त फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नसतो, तिथे ही चाचणी होणार नाही.

लगडीजवळ आकडा उडाला तर आत लोखंड आहे असं समजा. नाही उडाला तर एवढंच कळलं की लोखंड नाही. तांबं, शिसं, ॲल्युमिनियम, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीही असू शकतं. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. दिसायला चांदीसारखं, पण त्यात चांदी अजिबात नसते.

चुंबकाची घसरगुंडी

लगडीला चुंबक चिकटत नाही, पण लगडीवरून घसरताना तो काय करतो हे बघण्यासारखं आहे. चुंबक धातूवरून सरकला की धातूत विजेचे छोटे भोवरे तयार होतात. ते भोवरे चुंबकाला मागे ओढतात. धातू विजेचा जितका चांगला वाहक, तितका ब्रेक जोरात. आणि सगळ्या धातूंमध्ये विजेचा सर्वात चांगला वाहक चांदीच आहे.

जुन्या हार्डडिस्कमध्ये असतो तसा ताकदवान निओडायमियम चुंबक लागतो. फ्रिजवरचा साधा चुंबक चालत नाही. आम्ही लगड पुस्तकांच्या आधाराने तिरकी धरली, वरून नाण्याएवढा चुंबक सोडला आणि फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला. आधी तेवढ्याच तिरक्या लाकडी फळीवरून सोडला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. लगडीवरून सोडला तर जणू मधातून चालल्यासारखा उतरला. जवळपास दोन सेकंद लागले.

शिसं आणि जर्मन सिल्व्हर यांची वीज वाहून न्यायची क्षमता चांदीच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आहे. तिथे चुंबक असा रेंगाळत नाही. म्हणजे 'जर्मन आहे' हा दुकानदाराचा दावा इथेच डळमळीत झाला.

पण थांबा. तांब्यावरही चुंबक जवळपास इतकाच हळू उतरतो. वर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं असेल तर? त्यासाठी दुसरी चाचणी.

(चुंबक फोनपासून लांब ठेवा. होकायंत्र बिघडतं आणि कॅमेऱ्याच्या फोकसवरही परिणाम होऊ शकतो.)

पाण्यातलं वजन

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची घरगुती चाचणी. आर्किमिडीज शाळेत शिकलो ते इथे कामाला येतं. प्रत्येक धातूची घनता ठरलेली असते, म्हणजे एका घनसेंटीमीटरला किती ग्रॅम:

- ॲल्युमिनियम: २.७
- लोखंड: ७.९
- जर्मन सिल्व्हर: साधारण ८.४ ते ८.७
- तांबं: ९.०
- चांदी: १०.५
- शिसं: ११.३

फोनच्या स्क्रीनवर वस्तू ठेवून वजन करणारी ॲप्स असतात, त्यांच्या नादी लागू नका. खरा काटाच लागतो. शेजारच्या किराणा दुकानातून १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा तासाभरासाठी आणला. कृती अशी:

१. लगड कोरडी करून वजन करा. आमचं आलं ५७४ ग्रॅम.

२. लगड पूर्ण बुडेल एवढं पाणी प्लास्टिकच्या भांड्यात घ्या. भांडं काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा.

३. लगडीला बारीक दोरा बांधा आणि हाताने धरून पाण्यात पूर्ण बुडवा. ती तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये.

४. आता काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी लगडीने बाजूला सारलं. एक ग्रॅम पाणी म्हणजे जवळपास एक घनसेंटीमीटर.

५. पहिल्या वजनाला या आकड्याने भागा. आलेली संख्या म्हणजे घनता.

पहिल्या वेळी आमचा आकडा आला ५९. म्हणजे घनता ९.७. मामाचा चेहरा पडला. मग लक्षात आलं, लगडीच्या खड्ड्यांत हवेचे बुडबुडे अडकले होते. बुडबुडे पण पाणी बाजूला सारतात, त्यामुळे घनता कमी दिसते. लगड पाण्यात हलवून, बोटाने पुसून परत मोजलं: ५६, मग ५५, मग ५६. म्हणजे घनता १०.३ च्या आसपास.

५७४ ग्रॅमची लगड तांब्याची असती तर काट्यावर ६४ आलं असतं. जर्मन सिल्व्हरची असती तर ६६-६८. शिशाची असती तर ५१ च्या आत. एवढा फरक किराणा दुकानाच्या काट्यावरही लपत नाही.

दोन चाचण्या एकत्र का करायच्या?

या सगळ्यातला महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. एकटी कुठलीच चाचणी पुरेशी नाही, कारण प्रत्येकीला फसवणारा एखादा धातू असतोच. तांबं घसरगुंडीला फसवतं, पण वजनात हलकं पडतं. शिशात कथलासारखा हलका धातू योग्य प्रमाणात मिसळला तर घनता चांदीएवढी आणता येते, पण मग चुंबक भरभर घसरतो. एका चाचणीतून सुटणारा दुसरीत सापडतो. व्हिडिओंमध्ये 'ही एकच ट्रिक करा' असं सांगतात, तिथेच चूक होते.

आमची लगड दोन्हीत टिकली. म्हणजे खात्री झाली का? अजून नाही. तांब्याच्या आत शिसं भरून वरून मुलामा दिला तर दोन्ही चाचण्या बऱ्यापैकी पास होऊ शकतात. पण एवढं नक्की कळलं की ही दहा हजारात देऊन टाकायची वस्तू नाही.

या गोष्टी करू नका

बर्फाची ट्रिक: चांदीवर बर्फ पटकन वितळतो हे खरं आहे. पण तांब्यावरही जवळपास तितकाच पटकन वितळतो. बघायला मजा येते, पुरावा म्हणून उपयोग नाही.

ॲसिड: ऑनलाइन मिळणाऱ्या टेस्ट किटमध्ये नायट्रिक ॲसिड असतं. त्याने कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. घरात लहान मुलं असताना हा प्रयोग नको. शिवाय ते फक्त वरचा थर सांगतं.

टूथपेस्ट किंवा राखेने घासणं: काळेपणा हा चांदीवर हवेतल्या गंधकामुळे बसणारा थर असतो. तो खोटेपणाचं लक्षण नाही. जुन्या वस्तूवर बारीक अक्षरं किंवा शिक्का असेल तर घासून तो जाईल. त्याऐवजी उन्हात तिरक्या उजेडात फोनने मॅक्रो फोटो काढा. डोळ्याला न दिसणारी अक्षरंही फोटो मोठा केल्यावर दिसतात.

खरी असेल, पण किती शुद्ध?

इथे घरगुती प्रयोग संपतात. गणित करून बघा. ५७४ ग्रॅमची लगड ९९.९ टक्के शुद्ध असेल तर ५४.७ ग्रॅम पाणी सारेल. त्यात ८ टक्के तांबं असेल तर ५५.५ ग्रॅम. फरक एक ग्रॅमपेक्षाही कमी! आपला काटा एक-एक ग्रॅमच मोजतो, मग तो हे सांगणार कसं? चांदी आहे की नाही, इथपर्यंतच घरचा काटा पोचतो. किती टक्के, हे त्याच्या पलीकडचं.

मी आजीला विचारलं, ही लगड आली कुठून. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या वडिलांनी राणीछाप रुपये आटवले होते. पन्नास होते म्हणायचे."

हे ऐकल्यावर मी परत आकडेमोड केली. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असायचा. त्यात १२ पैकी ११ भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. (१९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आणलं आणि १९४७ मध्ये चांदी पूर्ण काढून निकेलचा रुपया आला.) असे ५० रुपये म्हणजे ५८३ ग्रॅम. नाणी वापरून झिजलेली, आटवताना थोडं जळालेलं, तेव्हा ५७४ पटण्यासारखं आहे. ९१.७ टक्के चांदीची घनता येते साधारण १०.३. आमचीही तेवढीच आली होती.

हा पुरावा नाही, पण आजीची आठवण आणि काट्याचा आकडा यांचा मेळ बसला. घरातले रुपये आटवून दागिने किंवा लगड करणं ही आपल्याकडची जुनी पद्धत. तुमच्या घरात न आटवलेले रुपये असतील तर ते आटवू नका. काही सालांच्या नाण्यांना संग्राहक चांदीपेक्षा जास्त पैसे देतात.

टंच काढणं म्हणजे काय?

शुद्धतेच्या आकड्याला सराफ बाजारात 'टंच' म्हणतात. त्र्यंबकमार्गे आम्ही नाशिकला गेलो, कारण लगड विकत घेणारा आणि टंच काढणारा हे दोघं वेगळे असावेत असं ठरवलं होतं. हे तुम्हीही पाळा. ज्याला वस्तू स्वस्तात हवी आहे, त्यालाच 'किती शुद्ध?' विचारायचं नाही.

टंच काढण्याचे मुख्य दोन प्रकार:

क्ष-किरण मशीन (एक्सआरएफ): वस्तू मशीनमध्ये ठेवतात, काही मिनिटांत टक्केवारीचा कागद मिळतो. वस्तूला काही होत नाही. पण किरण चांदीत केसाच्या जाडीइतकेच आत जातात. मुलामा जाड असेल तर मशीन फसतं.

नमुना काढून चाचणी: लगडीला बारीक भोक पाडून आतला कीस घेतात आणि रासायनिक पद्धतीने तपासतात. थोडी चांदी जाते, वेळही जास्त लागतो, पण आतलं कळतं.

जाड लगडीसाठी नुसत्या मशीनवर थांबू नका. आम्ही दोन वेगवेगळ्या जागी भोक पाडून कीस द्यायला सांगितला. समोर उभे राहा, कीस पुडीत बांधताना बघा, रिपोर्टवर वजन आणि तारीख लिहून घ्या. आमचा टंच आला ९१ च्या थोडा वर. दोन्ही जागी सारखाच.

हॉलमार्क आणि बीआयएस केअर ॲप

सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो, हे अनेकांना माहीत आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांना आणि वस्तूंनाही असा क्रमांक मिळू लागला आहे, पण चांदीसाठी तो ऐच्छिक आहे. म्हणून नवीन चांदी घेताना हॉलमार्कची मागणी करा आणि दुकानातच ॲपवर क्रमांक तपासा. जुन्या लगडीवर मात्र तो नसणारच. नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

किंमत कशी काढायची?

दर रोज बदलतो, म्हणून सोप्या गणितासाठी किलोला १ लाख रुपये धरू. म्हणजे ग्रॅमला १०० रुपये.

५७४ ग्रॅम × ०.९१ = ५२२ ग्रॅम शुद्ध चांदी.
५२२ × १०० = ५२,२०० रुपये.

यातून गाळण्याचा खर्च आणि दुकानदाराचा नफा वजा होतो. किती वजा करणार ते आधी विचारा आणि तीन दुकानांत विचारा. त्या दिवशीचा दर फोनवर बघून जा. घरी केलेलं वजन लिहून न्या, म्हणजे दुकानातल्या काट्याशी ताडून बघता येतं. अशी तयारी केलेल्या माणसाला 'जर्मन आहे' सांगणं अवघड जातं.

सापडलेली चांदी, जुनी नाणी आणि ठग

१६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारला थांबले होते, अशी आठवण शिरपामाळावर सांगतात. अशा इतिहासाच्या आडून गुप्तधनाच्या गोष्टीही फिरतात आणि ठग त्याचाच फायदा घेतात. 'खोदकामात जुनी चांदी सापडली, स्वस्तात देतो' असा फोन येतो. आधी एक छोटा तुकडा देतात. तो तुकडा खराच असतो! तुम्ही टंच काढता, खात्री पटते, पैसे देता आणि बाकीचा माल खोटा निघतो. नमुना नेहमी आपण निवडायचा, विकणाऱ्याने नाही.

शिवाय जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते गुपचूप विकता येत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वारशाने आलेल्या लगडीला हा नियम लागू नाही.

उलटी फसवणूकही चालते. तुम्ही नाण्याचा फोटो टाकता आणि कोणीतरी लाखोंची ऑफर देतो, फक्त आधी 'रजिस्ट्रेशन फी' पाठवा म्हणतो, कधी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही फी किंवा कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

मग लगडीचं काय झालं?

सगळी विकायची आजीची इच्छा नव्हती. सराफाने छिन्नीने लगडीचे दोन तुकडे केले. कापलेल्या जागी आतपर्यंत एकसारखा पांढरा रंग होता. आजीने तो चष्मा लावून दोनदा बघितला. अर्ध्या तुकड्याचे पैसे टंचाच्या हिशोबाने मिळाले, पावतीसकट. फी भरली गेली. त्या पहिल्या दुकानदाराने अख्ख्या लगडीचे जेवढे देऊ केले होते, त्यापेक्षा हे अर्ध्याचे पैसे कितीतरी जास्त होते.

दुसरा अर्धा परत फडक्यात, परत पेटीत. मामेभावाने ते डिटेक्टर ॲप डिलीट केलं. तुमच्या फोनमध्ये असेल तर तुम्हीही करा.